पाण्याच्या रेणूला द्विध्रुव असतोच, मग इलेक्ट्रॉनमध्ये इतकी वर्षं काय शोधतायत?

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. पाण्याच्या रेणूला विद्युत द्विध्रुव परिबल असतं हे शाळेतच शिकवतात, मग ‘कायमस्वरूपी द्विध्रुव परिबल अजून कुठेच सापडलेलं नाही’ असं भौतिकशास्त्रज्ञ का म्हणतात? १९५० पासून शोधूनही उत्तर शून्यच येत असेल, तर ते शून्य आहे असं मानून मोकळं का होत नाहीत? आणि इतकी बारीक गोष्ट मोजतात तरी कशी? मी प्रयोगाच्या बाजूचा माणूस, त्यामुळे तिसऱ्या प्रश्नावर जास्त बोलेन. पण पहिला सुटल्याशिवाय पुढचं काहीच धड कळत नाही, म्हणून सुरुवात पाण्यापासूनच.

पाण्याच्या रेणूचं परिबल १.८५ डिबाय (हे परिबलाचं एकक) आहे आणि ते अगदी खरं आहे. ऑक्सिजनकडे थोडा ऋण प्रभार, हायड्रोजनकडे थोडा धन. पण हे परिबल रेणूच्या स्वतःच्या अक्षावर असतं, आणि मोकळा रेणू फिरत असतो. पुंजयामिकीच्या हिशोबाने सर्वांत खालच्या घूर्णन अवस्थेतला रेणू सगळ्या दिशांना सारखाच ‘पाहत’ असतो. प्रयोगशाळेच्या दृष्टीने त्याच्या द्विध्रुवाची सरासरी शून्य येते. बाहेरून अगदी दुबळं विद्युत क्षेत्र लावलं, तर त्याची ऊर्जा क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, क्षेत्राच्या प्रमाणात नाही. कारण क्षेत्राला आधी रेणू थोडा वळवावा लागतो, आणि मगच त्या वळलेल्या भागावर जोर चालतो. घूर्णनाच्या पातळ्या एकमेकींच्या जवळ असतात, त्यामुळे हे वळवणं सोपं जातं आणि जरा मोठ्या क्षेत्रात ऊर्जेतला बदल सरळ प्रमाणात असल्यासारखा दिसू लागतो. पाठ्यपुस्तकातलं परिबल ते हेच.

आम्ही शोधतो ती गोष्ट वेगळी. क्षेत्र कितीही दुबळं असलं तरी ऊर्जेतला बदल थेट क्षेत्राच्या प्रमाणात हवा, आणि त्या बदलाचं चिन्ह कणाच्या स्पिनच्या, म्हणजे त्याच्या अंगच्या गिरकीच्या, दिशेला बांधलेलं हवं. ही दुसरी अट महत्त्वाची आहे. इलेक्ट्रॉन किंवा न्यूट्रॉनला स्वतःची अशी एकच दिशा असते, ती म्हणजे स्पिन. त्याच्यात धन-ऋण प्रभाराची काही फारकत असलीच, तर ती स्पिनच्या बाजूने किंवा बरोबर उलट बाजूनेच असणार. स्पिनशी संबंध नसलेला स्वतंत्र द्विध्रुव इलेक्ट्रॉनला असता, तर त्याच्या अवस्था दुप्पट झाल्या असत्या, अणूच्या प्रत्येक कवचात दुप्पट इलेक्ट्रॉन मावले असते आणि आवर्त सारणी वेगळीच दिसली असती. तसं नाही, म्हणून तो मार्ग बंद.

आता काळ उलटा चालवून पाहा. प्रभाराची फारकत जशीच्या तशी राहते, स्पिन मात्र उलटतो. म्हणजे ज्या कणाचा द्विध्रुव स्पिनच्या बाजूने होता, त्याचा आता स्पिनच्या विरुद्ध झाला. पण तसा इलेक्ट्रॉन निसर्गात नाहीच, सगळे इलेक्ट्रॉन एकसारखे. तेव्हा परिबल शून्य नसेल, तर मूलभूत नियम काळाच्या दोन्ही दिशांना सारखे नाहीत, एवढं निश्चित होतं. अवकाशातल्या तिन्ही दिशा उलटवल्या तर याच्या नेमकं उलट घडतं: फारकत उलटते, स्पिन तसाच राहतो. म्हणजे डावं-उजवं सारखेपणाही मोडतो. स्पिनला बांधलेल्या अशा विद्युत द्विध्रुव परिबलाला (इलेक्ट्रिक डायपोल मोमेंट) आम्ही रोजच्या बोलण्यात ईडीएम म्हणतो, आणि इथून पुढे मीही तेच म्हणेन.

एडवर्ड पर्सेल आणि नॉर्मन रॅमसे यांनी १९५० मध्ये हा मुद्दा मांडला. तेव्हा डावं-उजवं सारखेपणा हा निसर्गाचा पाळलाच जाणारा नियम समजला जाई. या दोघांचं म्हणणं इतकंच होतं की प्रयोगाने तपासल्याशिवाय तसं धरून चालू नये. त्यांनी जेम्स स्मिथसोबत ओक रिज इथे न्यूट्रॉनच्या झोतावर प्रयोग केला. न्यूट्रॉनचं ईडीएम ५ × १०^−२० ई-सेंमीपेक्षा कमी आहे, हा निकाल १९५७ मध्ये छापून आला. (‘ई’ म्हणजे इलेक्ट्रॉनचा प्रभार. एवढे धन आणि ऋण प्रभार किती सेंटिमीटर लांब आहेत, ते हा आकडा सांगतो.) त्याच वर्षी चिएन-शिउंग वू यांच्या प्रयोगाने डावं-उजवं सारखेपणा मोडतो हे दाखवलं, तेही दुसऱ्याच वाटेने, बीटा ऱ्हासात. लेव्ह लँडाउ यांनी लगेच दाखवून दिलं की ईडीएमसाठी एवढं पुरत नाही, कालउलट सममितीही मोडावी लागते. मग १९६४ मध्ये क्रोनिन, फिच आणि सहकाऱ्यांना केऑन कणांच्या ऱ्हासात कण-प्रतिकण सममिती मोडलेली सापडली. ती मोडली की कालउलट सममितीही मोडते असं सिद्धांत सांगतो, म्हणून ईडीएम असण्याची शक्यता खरी ठरली.

आता ‘मोकळं का होत नाहीत’ या प्रश्नाकडे. विश्वात द्रव्य आहे, प्रतिद्रव्य जवळजवळ नाही. दर १००० कोटी प्रकाशकणांमागे साधारण ६ प्रोटॉन-न्यूट्रॉन उरलेले दिसतात. सुरुवातीला दोन्ही सारखेच असतील, तर हे उरलेले कुठून आले? आंद्रेई साखारोव्ह यांनी १९६७ मध्ये यासाठी लागणाऱ्या अटी सांगितल्या. कण आणि प्रतिकण यांच्या वागण्यात फरक असणं ही त्यांतली एक. आजच्या प्रमाणित प्रतिमानात, म्हणजे मूलकणांच्या सर्वमान्य सिद्धांतात, असा फरक आहे, पण तो इतका तोकडा आहे की त्यातून आपलं विश्व उभं राहत नाही. म्हणजे या फरकाचा आणखी कुठलातरी स्रोत असला पाहिजे. आणि अशा बहुतेक स्रोतांमुळे इलेक्ट्रॉनला, न्यूट्रॉनला किंवा अणुकेंद्राला थोडंफार ईडीएम मिळतंच.

मला या शोधाची ओढ आहे ती एका खास कारणाने. प्रमाणित प्रतिमानातूनही ईडीएम येतं, पण अत्यंत लहान. इलेक्ट्रॉनसाठी ते १०^−३५ ई-सेंमीच्या आसपास किंवा त्याखाली. आजची प्रयोगाची मर्यादा ४.१ × १०^−३०. न्यूट्रॉनसाठी प्रतिमानाचा आकडा १०^−३१ ते १०^−३२, आणि प्रयोगाची मर्यादा १.८ × १०^−२६. म्हणजे दोन्हीकडे सुमारे पाच दशगुणांचा पट्टा मोकळा पडला आहे. या पट्ट्यात काहीही खरंखुरं सापडलं तर ते जुन्याच भौतिकीचं असेल अशी शंकाच उरत नाही. मोठ्या त्वरकांत नवा कण शोधताना जुन्या प्रक्रियांचा प्रचंड गलका वजा करावा लागतो. इथे तो गलका नाही.

आणि शून्याचंही मोल आहे, हे मला ठासून सांगायचं आहे. प्रबल बलाच्या सिद्धांतात थीटा नावाचा एक आकडा मोकळा आहे. तो ० ते १ च्या घरात काहीही असू शकला असता. न्यूट्रॉनचं ईडीएम साधारण थीटा गुणिले १०^−१६ ई-सेंमी येतं. मोजमापाची मर्यादा याच्या शेजारी ठेवून पाहा, म्हणजे कळेल की थीटा १०^−१० पेक्षाही लहान आहे. एखादी संख्या उगीच इतकी लहान असत नाही. तिचं कारण शोधताना पेच्चेई आणि क्विन यांनी १९७७ मध्ये एक नवी सममिती सुचवली. त्यातून अ‍ॅक्सिऑन हा कण येतो, असं वाइनबर्ग आणि विल्चेक यांनी दाखवलं, आणि आज तो कृष्णद्रव्याच्या प्रमुख उमेदवारांपैकी आहे. जगभर अ‍ॅक्सिऑन शोधणारी इतकी यंत्रं चालू आहेत, त्यांच्या मुळाशी न्यूट्रॉनच्या ईडीएमचं ‘काहीच सापडलं नाही’ हे उत्तर आहे. अतिसममितीचे (प्रत्येक कणाला एक नवा जोडीदार कण मानणाऱ्या कल्पनेचे) सरळसोट नमुनेसुद्धा याच शून्यांनी कोपऱ्यात ढकलले. इलेक्ट्रॉनचे ताजे निकाल, काही गृहीतकं धरून, १० टेराइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरच्या कणांपर्यंत पोहोचतात. तेवढे जड कण आजच्या कुठल्याही त्वरकात थेट घडवता येत नाहीत.

आता मोजणी. न्यूट्रॉनचं उदाहरण घेतो, कारण तिथे सगळं उघड दिसतं.

न्यूट्रॉनला चुंबकीय परिबल आहे. चुंबकीय क्षेत्रात त्याचा स्पिन क्षेत्राभोवती ठरावीक वारंवारतेने फिरतो. १ मायक्रोटेस्ला क्षेत्रात ही वारंवारता सुमारे २९ हर्ट्झ. त्याच दिशेने विद्युत क्षेत्र लावलं आणि न्यूट्रॉनला ईडीएम असलं, तर ही वारंवारता किंचित वाढेल. विद्युत क्षेत्र उलटवलं तर तेवढीच कमी होईल. या दोन वारंवारतांमधला फरक शोधायचा. स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर संस्थेतल्या प्रयोगात, ज्याचा निकाल २०२० मध्ये आला, विद्युत क्षेत्र सेंटिमीटरला ११ किलोव्होल्ट होतं. १.८ × १०^−२६ ही मर्यादा या क्षेत्राला लावून पाहा: फरक येतो २ × १०^−७ हर्ट्झपेक्षाही जरासा कमी. म्हणजे विद्युत क्षेत्राच्या दोन दिशांमध्ये ठेवलेल्या दोन न्यूट्रॉनांच्या स्पिनमध्ये एका पूर्ण फेरीचं अंतर पडायला सुमारे दोन महिने लागतील. आणि न्यूट्रॉन स्वतः सरासरी पंधरा मिनिटंसुद्धा टिकत नाही. लांबीच्या भाषेत सांगायचं तर न्यूट्रॉन पृथ्वीएवढा मोठा केला, तर धन आणि ऋण प्रभारांच्या मध्यांमधली फारकत एखाद-दीड मायक्रोमीटरपेक्षा जास्त नाही, असं हा प्रयोग सांगतो.

हे साधतं ते रॅमसे यांच्याच पद्धतीने. अतिशीत न्यूट्रॉन, सेकंदाला काही मीटर इतके संथ, भांड्याच्या भिंतींवरून परतत राहतात, म्हणून ते चक्क बाटलीत साठवता येतात. सगळ्यांचे स्पिन एका दिशेला करून घ्यायचे. एक छोटा आंदोलित चुंबकीय स्पंद देऊन ते आडवे पाडायचे. मग १८० सेकंद काही करायचं नाही, त्यांना मोकळं फिरू द्यायचं. शेवटी दुसरा स्पंद द्यायचा, जो पहिल्याशी काटेकोर ताळमेळ राखून असतो. स्पिन किती पुढे किंवा मागे गेला, त्यावर शेवटी किती न्यूट्रॉन वर आणि किती खाली मोजले जातात ते ठरतं. त्या प्रयोगात एका फेरीत साधारण ११,००० न्यूट्रॉन मोजले जात. एवढ्यातून एका फेरीची अचूकता २ × १०^−२४ च्या आसपास, म्हणजे अंतिम मर्यादेच्या शंभरपट ढोबळ. फेऱ्यांच्या संख्येच्या वर्गमुळानेच अचूकता सुधारते, म्हणून पन्नास हजारांहून अधिक फेऱ्या झाल्या. इथे काटकसरीला जागा नाही. विद्युत क्षेत्र मोठं हवं, मोकळा वेळ जास्त हवा, कण पुष्कळ हवेत, यातलं पहिलं दुप्पट केलं तर फायदा दुप्पट, शेवटचं दुप्पट केलं तर फक्त दीडपटीच्या आत. म्हणून आम्ही वेळ आणि क्षेत्र यांच्यामागे धावतो.

पण खरं काम मोजणीत नाही. खरं काम आहे ते विद्युत क्षेत्र उलटवल्यावर दुसरं काहीच बदललं नाही, हे सिद्ध करण्यात. वर सांगितलेला फरक चुंबकीय क्षेत्राच्या भाषेत ६-७ फेम्टोटेस्ला होतो. पृथ्वीचं क्षेत्र याच्या अब्जावधी पट. उच्चदाबाच्या इलेक्ट्रोडवरून विसंवाहकाच्या पृष्ठभागावर चोरटा प्रवाह वाहिला, तोही नॅनोअँपिअरच्या घरात, तरी तो वळसा घेऊन वाहत असेल तर स्वतःचं चुंबकीय क्षेत्र तयार करतो. आणि ते क्षेत्र विद्युत क्षेत्राबरोबर उलटतं. नेमकं ईडीएमसारखंच दिसतं. म्हणून गळतीच्या प्रवाहाची नोंद अखंड चालू असते, आणि तो वाढलेला दिसला की त्या काळातल्या मोजण्यांकडे आम्ही संशयानेच बघतो. बाहेरचं चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या कवचाच्या आत जाणारा प्रत्येक स्क्रू, प्रत्येक वॉशर, टेपचा तुकडासुद्धा आधी संवेदनशील चुंबकमापकाखालून जातो. ‘अचुंबकीय’ म्हणून विकलेल्या पितळेतही लोखंडाचा कण निघतो. कवच उघडलं की बंद केल्यावर ते पुन्हा विचुंबकित करायचं, हळूहळू कमी होत जाणारा प्रत्यावर्ती प्रवाह देऊन. ही घाई करण्याची जागा नाही. नव्या विद्यार्थ्याला मी आधी हेच शिकवतो, ईडीएम नंतर.

याहून चिवट शत्रू म्हणजे कणाची स्वतःची गती. विद्युत क्षेत्रातून वेगाने जाणाऱ्या कणाला त्याच्या दृष्टीने एक चुंबकीय क्षेत्रही जाणवतं, वेग गुणिले विद्युत क्षेत्र भागिले प्रकाशवेगाचा वर्ग. सेकंदाला १०० मीटर वेगाचा न्यूट्रॉन आणि सेंटिमीटरला १०० किलोव्होल्ट क्षेत्र धरलं तर हे येतं सुमारे ११ नॅनोटेस्ला. दोन्ही क्षेत्रं अगदी समांतर असतील तर हे आडवं पडतं आणि फारसं बाधत नाही. पण एक हजारांश रेडियनचा कोन राहिला तरी १० पिकोटेस्लाचा खोटा ईडीएम हजर. झोतांवरचे न्यूट्रॉन प्रयोग १९७० च्या दशकात इथेच अडले. साठवलेल्या न्यूट्रॉनांचा सरासरी वेग शून्य असतो, त्यामुळे हा परिणाम जवळजवळ जातो. जवळजवळच. चुंबकीय क्षेत्रात थोडा उतार असेल, म्हणजे ते जागेनुसार बदलत असेल, तर भांड्यात फिरणाऱ्या कणाला उतार आणि गती यांच्या संगनमताने एक भूमितीय कला (स्पिनच्या फिरण्यात जादा कोन) मिळते, आणि ती पुन्हा विद्युत क्षेत्राबरोबर चिन्ह बदलते. हा परिणाम न्यूट्रॉनपेक्षा पाऱ्याच्या वाफेत कितीतरी मोठा असतो.

पारा इथे कुठून आला? क्षेत्र मोजायला. न्यूट्रॉनच्याच भांड्यात पारा-१९९ ची विरळ वाफ सोडतात आणि तिच्या स्पिनची वारंवारता अतिनील प्रकाशाने वाचतात. क्षेत्र हललं तर दोघांच्याही वारंवारता एकत्र हलतात, गुणोत्तर काढलं की हलणं रद्द होतं. पाऱ्याला स्वतःचं ईडीएम असेल तर? त्याची मर्यादा सिएटलमधल्या गटाने २०१६ मध्ये ७.४ × १०^−३० ई-सेंमी इतकी खाली नेली आहे, तेव्हा या कामापुरता पारा निर्धोक. मला या प्रयोगातली सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट मात्र पुढची. पाऱ्याची वाफ साऱ्या भांड्यात सारखी भरते, पण अतिशीत न्यूट्रॉन इतके संथ असतात की गुरुत्वामुळे त्यांचा गुरुत्वमध्य काही मिलिमीटर खाली बसतो. त्यामुळे क्षेत्राला उभा उतार असेल तर तो दोघांच्या वारंवारतांच्या गुणोत्तरात उमटतो, आणि खोट्या परिणामाचा माग काढायला तेच गुणोत्तर कामी येतं. शत्रूची चाहूल देणारं साधन निसर्गानेच भांड्यात ठेवलेलं!

आता अणू आणि रेणू. इलेक्ट्रॉनचं ईडीएम मोकळ्या इलेक्ट्रॉनवर मोजता येत नाही असं नाही, पण प्रभारित कणाला विद्युत क्षेत्र ओढूनच नेतं. अणूत बांधलेला इलेक्ट्रॉन बरा. पण तिथे लिओनार्ड शिफ यांचं १९६३ चं प्रमेय आडवं येतं: बिंदुवत, संथ आणि फक्त विद्युत बलांनी बांधलेल्या कणांच्या उदासीन अणूत बाहेरचं क्षेत्र आतल्या प्रत्येक प्रभारापाशी सरासरीत पूर्ण झाकलं जातं. झाकलं नसतं तर तो प्रभार हललाच असता. मग ईडीएमला भिडायला क्षेत्रच उरत नाही. अनेकांना हा शेवट वाटला असता. पॅट्रिक सँडर्स यांनी १९६५ मध्ये दाखवलं की जड अणूत इलेक्ट्रॉन अणुकेंद्राजवळून प्रकाशवेगाच्या तोडीने जातात, तिथे ‘संथ’ ही अट मोडते आणि परिणाम नुसता वाचत नाही तर वाढतो, साधारण अणुक्रमांकाच्या घनाच्या प्रमाणात. थॅलियमच्या अणूत ही वाढ सुमारे ५८५ पट आहे. त्याच्या जोरावर बर्कलेच्या गटाने २००२ मध्ये इलेक्ट्रॉनची मर्यादा १.६ × १०^−२७ वर नेली.

पुढची उडी रेणूंनी मारली, आणि इथे पाण्याच्या रेणूचा तोच सामान्य गुण उपयोगी पडतो. अणूला प्रयोगशाळेतलं क्षेत्र कसंबसं हजारांश भागाने वाकवतं. ध्रुवीय रेणू मात्र हलक्याशा क्षेत्रातही पुरता वळतो. वळला की त्याच्यातल्या जड अणूजवळच्या इलेक्ट्रॉनला रेणूच्या आतलं प्रचंड परिणामी क्षेत्र मिळतं. थोरियम मोनॉक्साइडमध्ये ते सेंटिमीटरला सुमारे ७८ अब्ज व्होल्ट, हाफ्नियम फ्लोराइडच्या धन आयनात सुमारे २३ अब्ज. बाहेर आम्ही प्रयत्नांची शिकस्त केली तरी लाखभर व्होल्टच्या आसपास थांबतो. यटर्बियम फ्लोराइडवर लंडनच्या इंपीरियल कॉलेजने २०११ मध्ये थॅलियमला मागे टाकलं. थोरियम मोनॉक्साइडवरच्या ‘अ‍ॅक्मे’ गटाने २०१४ मध्ये ८.७ × १०^−२९ आणि २०१८ मध्ये १.१ × १०^−२९ इथवर मजल मारली. बोल्डरच्या ‘जायला’ संस्थेतल्या गटाने हाफ्नियम फ्लोराइडच्या आयनांवर २०२३ मध्ये ४.१ × १०^−३० गाठलं.

शेवटच्या दोघांची तुलना करण्यासारखी आहे. अ‍ॅक्मेमध्ये शीत रेणूंचा झोत सेकंदाला सुमारे २०० मीटर वेगाने जातो, मोकळा वेळ अवघा एक मिलिसेकंद, पण रेणू भरपूर. जायलामध्ये आयन सापळ्यात धरलेले, संख्येने कमी, पण वेळ तीन सेकंदांपर्यंत. आयन स्थिर विद्युत क्षेत्रात पळून जाईल, म्हणून तिथे विद्युत क्षेत्रच गोल फिरवतात आणि आयन त्याच्यासोबत छोटी वर्तुळं काढत राहतो. आयनावर ईडीएम मोजता येईल हेच एके काळी पुष्कळांना पटत नव्हतं. वेळ इतका वाढला की कमी संख्या आणि कमी परिणामी क्षेत्र दोन्ही भरून निघालं.

दोन्हीकडे एक समान युक्ती आहे, आणि माझ्या मते गेल्या दोन दशकांतली ही सर्वांत मोलाची. वापरलेल्या अवस्थेत रेणूच्या दोन अगदी जवळच्या पातळ्या मिळतात. एकीत रेणूचा अक्ष बाहेरच्या क्षेत्राच्या बाजूने, दुसरीत उलट. लेसरची वारंवारता किंचित बदलून कोणती पातळी वाचायची ते निवडता येतं. म्हणजे इलेक्ट्रॉनला जाणवणारं अब्जावधी व्होल्टचं क्षेत्र उलटवता येतं, आणि तेही बाहेरच्या उच्चदाबाच्या बटणाला हात न लावता. मग गळतीचा प्रवाह, इलेक्ट्रोड भारित होताना येणारे धक्के, यांतलं बरंचसं आपोआप गळून पडतं. शिवाय त्या अवस्थेत दोन इलेक्ट्रॉनांची चुंबकीय परिबलं एकमेकांना जवळजवळ खोडतात, त्यामुळे भटक्या चुंबकीय क्षेत्रांचा त्रासही कमी.

तरीही खोटे परिणाम उरतातच, लेसरच्या ध्रुवणातून, क्षेत्रांच्या उतारांतून. ते शोधायची पद्धत धीराची आहे: एकेक दोष मुद्दाम मोठा करायचा, खोटा ईडीएम किती वाढतो ते पाहायचं, मग प्रत्यक्षातला दोष मोजून त्या प्रमाणात हिशोब लावायचा. अ‍ॅक्मेने पहिल्या निकालासाठी चाळीसहून अधिक गोष्टी अशा एकेक करून हलवून पाहिल्या. आणि हे सगळं चालू असताना खरं उत्तर कुणालाच दिसत नाही. संगणक एक गुप्त आकडा निकालात मिसळून ठेवतो. पॉल शेररच्या प्रयोगात विश्लेषणाचे दोन गट होते आणि दोघांना वेगवेगळे गुप्त आकडे होते. अपेक्षित उत्तर आलं की शोधणं थांबवायचं, हा माणसाचा स्वभाव आहे, आणि या मोजणीत तो विषासारखा आहे. म्हणून आधी सगळ्या त्रुटींचा हिशोब पक्का करायचा, मग झाकण उघडायचं.

पाऱ्याचा उल्लेख वर झाला. त्याचे इलेक्ट्रॉन जोडीने बसलेले, त्यामुळे तो मुख्यतः अणुकेंद्राबद्दल बोलतो. शिफच्या प्रमेयातली ‘बिंदुवत’ ही अट तिथे मोडते, कारण अणुकेंद्राला आकार आहे. पाऱ्याचा आकडा सगळ्यांत लहान दिसतो, पण म्हणून तो सगळ्यांत कडक परीक्षा ठरत नाही. झाकलं जाणं तिथे फार मोठं आहे आणि अणुकेंद्राच्या आतलं गणित अजून भरवशाचं नाही. वेगवेगळ्या प्रयोगांचे घातांक शेजारी ठेवून ‘कोण पुढे’ असं ठरवू नका. रेडियम-२२५ सारखी नासपतीच्या आकाराची अणुकेंद्रं म्हणूनच हवीशी वाटतात. तिथे हा परिणाम शेकडो पटींनी वाढू शकतो. अमेरिकेतल्या आर्गॉन (Argonne) राष्ट्रीय प्रयोगशाळेत रेडियमचे अणू लेसरने धरून मोजले गेले आहेत, आजवरची मर्यादा १.४ × १०^−२३ आहे, पण ते किरणोत्सारी आणि दुर्मिळ असल्याने गाडी हळू चालते. म्युऑनसाठीची मर्यादा, १.८ × १०^−१९, त्याच्या चुंबकीय परिबलाच्या प्रयोगातून हाती लागली आहे, आणि तिथे सुधारणेला भरपूर वाव आहे.

उद्या कुणाला शून्य नसलेला आकडा मिळाला तर काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण आम्ही आपसांत यावर फार बोलतो. पहिलं म्हणजे एका प्रयोगाने भागणार नाही. रेणूमध्ये दिसणारा बदल इलेक्ट्रॉनच्या ईडीएममुळे असू शकतो किंवा इलेक्ट्रॉन आणि अणुकेंद्र यांच्यातल्या एका वेगळ्या, तितक्याच नव्या आंतरक्रियेमुळे. एकाच रेणूत दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. दुसऱ्या रेणूत या दोघांचं प्रमाण वेगळं असतं, म्हणून दुसरा प्रयोग लागणार, तोही वेगळ्या तंत्राचा. झोतात मिळालेलं उत्तर सापळ्यातही मिळालं, तर दोघांचे खोटे परिणाम इतके भिन्न आहेत की योगायोग म्हणणं कठीण जाईल. न्यूट्रॉनमध्ये काही दिसलं आणि इलेक्ट्रॉनमध्ये नाही, तर पहिला संशय थीटावर. उलट झालं तर नव्या जड कणांवर. म्हणून पॉल शेररमध्ये न्यूट्रॉनचं मोठं नवं यंत्र उभं राहतंय, अ‍ॅक्मेचे लोक मोकळा वेळ वाढवतायत, आणि लेसरने थंड करता येतील असे तीन अणूंचे रेणू, म्हणजे यटर्बियम किंवा स्ट्रॉन्शियमचे हायड्रॉक्साइड, सापळ्यात धरून कितीतरी जास्त वेळ मोजायची तयारी चालली आहे. हे रेणू वाकू शकतात, आणि त्या वाकण्यातूनच वर सांगितलेली जवळच्या दोन पातळ्यांची युक्ती लेसर-शीतनासोबत एकाच रेणूत मिळते. कॅल्शियम हायड्रॉक्साइडवर हार्वर्डमध्ये २०२३ मध्ये ही पद्धत चालवूनही दाखवली आहे. कॅल्शियम हलका, म्हणून त्यातून ईडीएम मोजून फारसा उपयोग नाही. तेच काम जड अणूच्या रेणूवर करणं बाकी आहे.